वीस एकर आणि एक घर: ओरेगनची यॅमहिल काउंटी की टेक्ससची बॅस्ट्रॉप?

पन्नाशी जवळ आली की पोर्टलंडजवळचं हिल्सबरो असो वा ऑस्टिन, मराठी घरांत जेवणानंतर हा विषय निघतोच. शहराबाहेर थोडी जमीन घ्यावी, चार झाडं लावावीत, पुढेमागे तिथेच राहायला जावं. पोर्टलंडकडच्यांच्या डोळ्यांसमोर यॅमहिल काउंटीतले द्राक्षमळे असतात, ऑस्टिनकडच्यांच्या डोळ्यांसमोर बॅस्ट्रॉपची पाइनची झाडं. दोन्हीकडे शहर तासाभराच्या अंतरावर. जमिनीचे कायदे मात्र दोन टोकांचे.

आधी ओरेगन, कारण फसायला तिथेच जास्त होतं. यॅमहिल ज्यात येतं त्या विलॅमेट खोऱ्यातली काळी जमीन वसाहतींखाली जाऊ लागली तेव्हा 1973 साली ‘सिनेट बिल 100’ मंजूर झालं. त्यासाठी झटलेले सिनेटर हेक्टर मॅकफर्सन स्वतः दुधाचा धंदा करणारे शेतकरी होते, म्हणजे हा कायदा काही शहरी पर्यावरणवाद्यांनी लादलेला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक शहराभोवती वाढीची हद्द आखलेली असते. हद्दीच्या आत घरं, बाहेर शेती नाहीतर जंगल. यॅमहिलमध्ये शेतीच्या मुख्य पट्ट्याला ‘ईएफ-80’ म्हणतात, म्हणजे नवा तुकडा पाडायचा तर किमान 80 एकरांचा.

आता गोम ऐका. बारा एकरांचा जुना तुकडा विकायला असतो, स्वस्तही वाटतो आणि विकत घ्यायला कोणी अडवतही नाही. आपल्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा खरेदीच्या आधी मागतात, इथे तो घर बांधताना मागतात. सुपीक वर्गातल्या जमिनीवर शेतकरी म्हणून नवं घर बांधायचं, तर त्याच शेतीतून वर्षाला किमान 80,000 डॉलरची ढोबळ मिळकत दाखवावी लागते. तीही एका वर्षाची नाही: सलग गेली दोन वर्षं, किंवा गेल्या पाचांपैकी तीन. हौशी माणसाला हेझलनटच्या बागेतून हा आकडा गाठता येणार नाही. 1985 च्या आधीपासून एकाच कुटुंबाकडे असलेली जमीन वगैरे पळवाटा आहेत, पण नव्या खरेदीदाराच्या त्या कामाच्या नाहीत. एजंट ‘बघू, होऊन जाईल’ म्हणाला तर त्याच्याकडून काउंटीच्या नियोजन खात्याचं लेखी उत्तर मागा. तोंडी शब्दावर इसार देऊ नका.

बॅस्ट्रॉपमध्ये यातलं काहीच नाही. काही तलावांभोवतीचे अपवाद सोडले, तर टेक्ससमधल्या काउंटीला झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालेल हे ठरवण्याचा, अधिकारच नाही. जमिनीचे तुकडे पाडणं, पूररेषा, सेप्टिक टँक, एवढंच तिच्या हातात. दहा एकरांहून मोठी जागा असेल, तर घरापुरत्या सेप्टिकचा परवानाही बहुतेक ठिकाणी लागत नाही. घर कुठे आणि केवढं बांधायचं, आईवडिलांसाठी मागे दुसरं बांधायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

पण हीच मोकळीक शेजाऱ्यालाही असते. बॅस्ट्रॉपमध्ये जिथे कालपर्यंत गायी चरत होत्या, तिथे ईलॉन मस्क यांच्या बोरिंग कंपनीचं आणि स्पेसएक्सचं बस्तान बसलं. काहींना त्यातून रोजगार मिळाला, काहींना रात्रीचे दिवे आणि ट्रक. तुमच्या बांधाला लागून खडीची खाण निघाली तरी काउंटी ‘इथे नको’ म्हणू शकत नाही. बचाव एकच, खरेदीखतासोबत येणाऱ्या आणि जमिनीचा वापर बांधून टाकणाऱ्या खासगी अटी. शेजारच्या जमिनींवर त्या आहेत का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय जमिनीखालच्या तेला-वायूचे हक्क अनेकदा कधीच दुसऱ्याला विकलेले असतात, आणि तो मालक तुमच्या जमिनीवर येऊन खोदू शकतो.

पाण्यातही तोच फरक. ओरेगनमध्ये पाणी सार्वजनिक आहे. ज्याचा हक्क जुना, त्याला आधी पाणी. घरच्या बोअरवर बागेला अर्ध्या एकरापर्यंत पाणी देता येतं, पण द्राक्षं लावून विकायची तर वेगळा पाणीहक्क हवा. जमिनीसोबत जुना हक्क येत असेल, तर जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही. टेक्ससमध्ये 1904 च्या एका निकालापासून ‘उपसेल त्याचं पाणी’ असा नियम आहे. भूजल जिल्ह्यांनी, म्हणजे उपशावर देखरेख करणाऱ्या स्थानिक संस्थांनी, त्याला थोडा लगाम घातलाय, पण बॅस्ट्रॉपखालच्या करीझो-विलकॉक्स जलस्तरावर वाढत्या शहरांचा डोळा आहेच.

करांचं थोडक्यात: ओरेगनमध्ये विक्रीकर नाही, टेक्ससमध्ये आयकर नाही, पण टेक्ससचा मालमत्ता कर जड. शेतीचा दर्जा मिळाला की तो खूप उतरतो. पाच ते वीस एकरांत मधमाश्या पाळूनही हा दर्जा मिळवता येतो, आणि ऑस्टिनच्या आसपास हा उद्योग चांगलाच फोफावलाय. पुढे जमिनीचा वापर बदलला, तर मागच्या तीन वर्षांचा फरक भरावा लागतो. आणि एक, बॅस्ट्रॉपच्या पाइनमध्ये 2011 च्या सप्टेंबरात लागलेल्या वणव्यात 1,600 हून जास्त घरं जळाली. त्यामुळे झाडी बघून भुलण्याआधी विम्याचा हप्ता विचारा.

माझा कल असा: घर मोठं हवं, मनासारखं हवं, मुलंबाळं एकाच आवारात हवीत, तर बॅस्ट्रॉप, मात्र वीस एकरांपेक्षा कमी घेऊ नका आणि घर मधोमध बांधा. वीस वर्षांनीही खिडकीतून शेतच दिसायला हवं असेल तर यॅमहिल, पण मोकळी जमीन नको. ‘एएफ-10’ सारख्या छोट्या ग्रामीण पट्ट्यातलं, आधीच बांधलेलं, एका बाजूला ‘ईएफ-80’ ला टेकलेलं घर शोधा. समोरच्या शेतात वसाहत उभी राहण्याची धास्ती जवळजवळ नाही. तिथला शेतकरी मात्र पहाटे फवारणी करेल, सुगीत रात्रभर यंत्रं चालवेल, आणि त्याच्यावर दावा लावायला कायदा तुम्हाला फारसा वाव देत नाही.