चौथीच्या वर्गात ओपनशॉट

पोरांना व्हिडिओ एडिटिंग शिकवायचं म्हटलं की शिक्षकांच्या ग्रुपवर पहिलं नाव निघतं काइनमास्टर या अ‍ॅपचं. साहजिकच आहे, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्यातले निम्मे लोक त्याच्यावरच एडिटिंग शिकले. मोबाइलवर चालतं, मराठीतून शिकवणारे व्हिडिओही ढिगानं मिळतात. तरीही चौथीसाठी मी ओपनशॉट हे कॉम्प्युटरवरचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि शाळेत एखादा बरा कॉम्प्युटर असेल तर तुम्हीही तेच घ्या असं म्हणेन.

एक तर ते फुकट आहे, आणि फुकट म्हणजे खरोखर फुकट. पोरांच्या फिल्मच्या कोपऱ्यात कुणाचा शिक्का उमटत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लॉगिन नाही. गूगलचं स्वतःचं खातं उघडायला आपल्याकडे 13 वर्षं पूर्ण लागतात. माझी पोरं नऊ-दहा वर्षांची. त्यांच्या नावानं खोटी जन्मतारीख टाकायची आणि वर त्यांनाच ‘खोटं बोलू नये’ शिकवायचं, हे मला जमणार नव्हतं. ओपनशॉटला नाव नको, ईमेल नको. पेन ड्राइव्हवरून एकदा टाकलं की नेटसुद्धा नको. आमच्या गावात नेट येतं तेव्हा लाइट जाते, त्यामुळे हे किती मोलाचं ते आम्हालाच ठाऊक.

आणि पडदा. मोबाइलवर एक पोरगं एडिट करतं आणि बाकीची त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून कंटाळतात. कॉम्प्युटरपुढे चौघं बसतात. माउस एकाच्या हातात, तोंडं चौघांची. खरं शिकणं त्या भांडणात असतं.

परिसर अभ्यासाला जोडून आम्ही गावातल्या गुऱ्हाळावर फिल्म केली. ऊस घाण्याला लावणं, काहिलीतला उकळता रस, भेंडीचं पाणी घालून वर आणलेली मळी म्हणजे रसातला मळ, चुलवाणात चिपाड सारणारे दादा, असं सगळं पोरांनीच माझ्या फोनवर टिपलेलं. मळी काढतानाचा तुकडा पावणेचार मिनिटांचा होता. त्यातलं काहीच सोडवत नव्हतं कुणाला. मग टाइमलाइनवरचं, म्हणजे क्लिपा ओळीनं मांडायच्या पट्टीवरचं, कापायचं हत्यार दाखवलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला रेझर म्हणतात, आमच्या वर्गात ती कातरी. क्लिपवर नेमक्या जागी टिचकी मारली की दोन तुकडे. पहिल्या गटानं कातरी चालवली, आणि एक मुलगी ओरडली, “बाई, इथं कापलं तर गुळव्या काकांचा झारा हवेतच राहतोय!” मग तिनंच झारा काहिलीबाहेर येईपर्यंत, व्हिडिओ कुठं आलाय ते दाखवणारी लाल रेघ पुढं सरकवली आणि तिथं कापलं. याला शास्त्रात काय म्हणतात ते मी सांगितलं नाही. पावणेचार मिनिटांची शेवटी अठरा सेकंद उरली, आणि त्यात मळी काढणं पूर्ण दिसतं.

आता कुरकुरी. वरच्या पट्टीतलं लाल गोल बटण एक्स्पोर्टचं, म्हणजे तयार फिल्मची फाइल बनवायचं आहे, पण मोबाइलवर वाढलेल्या पोरांना लाल गोळा म्हणजे रेकॉर्डिंगच. दर वेळी कुणीतरी ते दाबून स्क्रीनपुढे बोलत बसतं. मुळात आमच्या आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करायची सोयच नाही. निवेदन फोनवर बोलून घ्यायचं आणि फाइल आत ओढायची. क्लिपवर राइट क्लिक करून आवाज वेगळा काढता येतो, म्हणजे घाण्याच्या इंजिनाची धडधड कमी करून पोरांचं निवेदन वर ठेवता येतं. हे चौथीला झेपतं.

प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतात, ते कुठं ठेवलेत त्याचा पत्ता तेवढा असतो. म्हणून प्रत्येक गटाचं एक फोल्डर करा, सगळ्या क्लिपा आधी त्यात टाका आणि नंतर कुणी नाव बदलणार नाही अशी तंबी द्या. नाहीतर पुढच्या तासाला सॉफ्टवेअर विचारतं, फाइल कुठाय? आणि चौघं एकमेकांकडे बघतात.

ट्रान्झिशनचा, म्हणजे एका क्लिपवरून दुसरीवर जातानाच्या करामतींचा, बाजार मात्र फार मोठा आहे. चांदण्या, पट्ट्या, गरगर फिरणारं काहीबाही. मी सरळ नियम केला: एक विरघळणारं ट्रान्झिशन, तेही एकदाच. बाकी सगळीकडे सरळ कट. क्लिप उलटी चालवायची सोय आहे, ती मात्र दिली, कारण रस घाण्यात परत शिरतोय आणि चिपाडाचा ऊस होतोय हे बघून वर्ग पाच मिनिटं लोळत होता. अशा गोष्टीला नाही म्हणू नये.

मराठी शीर्षकं युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला मजकूर आणून चिकटवलात तर चित्रलिपी दिसेल. फाँट देवनागरीचा निवडावा लागतो, तो एकदा तुम्हीच निवडून ठेवा.

कॉम्प्युटरबद्दल स्पष्ट बोलते. बनवणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे किमान 4 जीबी रॅम लागते, 16 असली तर बरं. आमचा कॉम्प्युटर किमानवालाच, त्यामुळे फोनवर शूटिंगचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, 720 वर ठेवायचं आणि क्लिपा छोट्या घ्यायच्या. 1080 चा व्हिडिओ टाकला की चित्र अडखळतं आणि पोरं माउस आपटायला लागतात.

पहिली-दुसरीसाठी हे नको. त्यांना छापलेले फोटो द्या आणि जमिनीवर क्रमानं लावायला सांगा, तेच त्यांचं एडिटिंग. तिसरीत शेवटच्या सत्रात सुरू करता येईल. तयार फिल्म मी यूट्यूबवर टाकली नाही, पोरांचे चेहरे आहेत. पालकसभेत प्रोजेक्टरवर दाखवली आणि पेन ड्राइव्हवर देऊन टाकली.

एक्स्पोर्ट कधीही तास चालू असताना लावू नका. मधल्या सुट्टीची घंटा झाली की लावा, पोरं खिचडी खाऊन हात धुऊन येईपर्यंत होतं.