ट्रान्समिशनच्या फोटोत हँगर होता, आणि माझे ५,३१५ डॉलर गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे 'थोडंफार गेलं असेल' असं कुणी समजू नये. सायकलीचे वापरलेले भाग विकणाऱ्या एका माणसाला चार हप्त्यांत मी ५,५२९ डॉलर पाठवले. त्यातल्या २१४ डॉलरचं सामान हातात आलं. उरलेले ५,३१५ बुडाले. हे लिहायला सात आठवडे लागले, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते. पण तो माणूस आजही भाग विकतो आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

मी नवखी नाही. अकरा वर्षं ट्रेलवर सायकल चालवते आहे. ब्रेक माझे मी ब्लीड करते, फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) लोअर्स उतरवून तेल-सील बदलते, चाकं ट्रू करते. ओळखीतल्यांच्या फ्रेमला कोणता बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो भाग) बसेल हे लोक मला विचारतात. हे मिरवायला सांगत नाही. फसवणूक म्हटलं की पहिला शब्द येतो, 'माहिती नसेल'. मला माहिती होती, आणि त्याने नेमका त्या माहितीलाच हात घातला.

हवं होतं ते साधं होतं. पुढे १५० आणि मागे १४० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्क्याला चाक जितकं वर दबतं ते अंतर), २९ इंची चाकं, आणि प्रत्येक भाग मी स्वतः निवडलेला. तयार सायकल घेतली की कंपनी कुठेतरी हात आखडता घेते. वर दिसणारा मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) भारी, आणि कॅसेट, चेन, हब खालच्या दर्जाचे. जाहिरातीत डिरेलरचं नाव मोठ्या अक्षरात आणि हबचा उल्लेखच नाही. त्याला कंटाळून मी एकेक भाग जमवायचं ठरवलं. पाच महिने यादी करत होते. एवढी वर्षं साठवलेल्या पैशातून एकदाच होणारी गोष्ट होती ही.

हा माणूस जुन्या भागांच्या एका जाहिरातीतून सापडला. हंगाम संपला की लोकांच्या महागड्या सायकली विकत घेऊन सुट्या करतो आणि नव्या मालकाच्या मापाने पुन्हा बांधून देतो, असं त्याचं म्हणणं. मी यादी पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि त्यात त्याने माझी चूक काढली होती.

मी मागचा शॉक २१०×५५ लिहिला होता. तो म्हणाला, या फ्रेमला २१०×५० लागतो. दोन्हींची लांबी सारखी, त्यामुळे ५५ चा बसेल बिनबोभाट, पण स्ट्रोक, म्हणजे दबण्याचं अंतर, पाच मिलिमीटर जास्त, म्हणजे पूर्ण दबल्यावर मागचा टायर सीट ट्यूबला घासेल. मी फ्रेमचा तक्ता उघडून पाहिला. त्याचं बरोबर होतं. मग त्याने कार्बन रिमवर काट मारायला लावली. अॅल्युमिनियमच्या रिम घे, वाचलेले पैसे हबमध्ये घाल, आणि मागच्या टायरला जाड केसिंग घे, म्हणाला. पुढे मॅक्सग्रिप रबर आणि मागे मॅक्सटेरा, म्हणजे पुढे पकड मिळते आणि मागचा टायर लवकर झिजत नाही. हे सगळं खरं आहे. आजही मी कुणाला हेच सांगेन.

जो माणूस तुम्हाला कमी खर्च करायला सांगतो, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? मला तुम्हीच सांगा. भामटे घाई करतात, महागडं गळ्यात मारतात, भाषा अशुद्ध लिहितात, असं आपण धरून चालतो. याने घाई केली नाही. उलट म्हणाला, आधी छोटं काही घे, माल बघ, मग पुढे बोलू.

म्हणून पहिले २१४ डॉलर. हेडसेट आणि स्टेम. नऊ दिवसांत आले, खोक्यात नीट गुंडाळलेले, अस्सल. इथेच माझा विश्वास बसला. नमुना म्हणून आलेल्या छोट्या मालावरून मोठ्या मालाची खात्री धरू नका. २१४ डॉलर त्याचा धंद्यातला खर्च होता.

दुसरा हप्ता २,६५० डॉलर, कार्बन फ्रेम आणि शॉक. तिसरा २,४८०. त्यात फॉक्स ३६ फॅक्टरी फोर्कचे ७८०, स्रॅम कंपनीच्या एक्स-झीरो ईगल ट्रान्समिशनचे, म्हणजे वायरलेस गिअरच्या संचाचे, १,०६०, चाकांचे ६४०. हे दर पाहून 'एवढं स्वस्त म्हणजे गडबड' असं म्हणणाऱ्यांनी एका हंगामाच्या वापरलेल्या भागांचे भाव बघावेत. स्वस्त होतं, पण संशय यावा इतकं नव्हतं. त्याने दर अगदी त्या काठावर ठेवले होते.

आता ती संध्याकाळ. रोज रात्री माझ्या डोळ्यांसमोर येते.

फ्रेमचे पैसे गेले होते, तिसरा हप्ता द्यायचा होता. त्याने सहा फोटो पाठवले. करड्या रबरी चटईवर फ्रेम उभी, पुढे फोर्क, काशिमा लेपाचे सोनेरी पाय दिव्यात चमकत होते. मागे वायरलेस डिरेलर, बॅटरी लावलेली. खाली ओळ: 'तुझं ट्रान्समिशन चढवून बघितलं, मस्त बसलंय.'

आणि त्या फोटोत डिरेलर हँगरवर, म्हणजे फ्रेमला मागे लावलेल्या छोट्या धातूच्या तुकड्यावर, लटकत होता.

ज्यांना ट्रान्समिशन माहीत आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तरी सांगते. २०२३ च्या मार्चमध्ये स्रॅमने ते आणलं, तेव्हाची मोठी गोष्टच ही होती की हँगर गेला. २०१९ मध्ये आलेल्या युनिव्हर्सल डिरेलर हँगरची, म्हणजे यूडीएचची, जागा ज्या फ्रेममध्ये आहे, तिथून तो हँगर काढायचा आणि डिरेलरने थेट फ्रेमला दोन्ही बाजूंनी पकडायचं. जुन्या डिरेलरला जुळवणीसाठी असतात ते लिमिट स्क्रू याला नाहीत, बी-स्क्रू नाही. हँगरवर ट्रान्समिशन बसतच नाही. फोटोतला होता स्रॅमचाच जुना ईगल एएक्सएस. तोही वायरलेस, त्यालाही बॅटरी, पण लटकतो हँगरवर. फोटो मोठा केला तर लिमिट स्क्रूसुद्धा दिसतात. मी नंतर केला मोठा. तेव्हा केला नाही.

तो फोटो माझ्या फोनवर चार दिवस होता. मी तो तीन जणांना दाखवला. त्यातल्या एकीला मी स्वतः समजावलं होतं की तुझ्या फ्रेमला यूडीएच नाही, तुला ट्रान्समिशन बसणार नाही. तेच मी माझ्या डोळ्यांसमोरच्या फोटोत पाहिलं नाही. का? अकरा आठवडे वाट पाहत होते म्हणून. फ्रेमचा रंग बघत होते म्हणून. ते सोनेरी पाय बघत होते म्हणून. आणि शॉकच्या मापात माझी चूक काढणारा माणूस स्वतः अशी चूक करेल हे मनात येणंच शक्य नव्हतं. यात दोष माझा आहे हे मी मान्य करते, पण सगळा नाही. त्याने तो फोटो मुद्दाम रंग-चकाकी दिसेल असा काढला होता, किंवा दुसऱ्या कुणाच्या सायकलीचा चोरून आणला होता. दुसरंच खरं निघालं, ते पुढे सांगते.

फोटो आला की सर्वात सुंदर भाग शेवटी बघा. आधी जोड बघा: हँगर, अॅक्सल, बॉटम ब्रॅकेट, ब्रेकची बैठक. सुटे भाग एकमेकांना बसतात की नाही हे जोडांवर कळतं, आणि फोटो जमवून आणणारा तिथेच उघडा पडतो.

फोर्कचंही तेच. फॉक्सच्या फोर्कवर मागच्या बाजूला चार अक्षर-अंकांचा कोड असतो. कंपनीच्या साइटवर टाकला की तो फोर्क कारखान्यातून कसा निघाला ते कळतं. फोटोत कोड वाचता येत होता. मी तो टाकला पैसे गेल्यावर सोळा दिवसांनी. उत्तर आलं १७० मिलिमीटर, ऑफसेट (स्टीअररच्या रेषेपासून चाकाचा आस किती पुढे ते) ५१. मला विकला होता १५० आणि ४४ म्हणून. तेव्हासुद्धा मी स्वतःची समजूत घातली, हे लिहिताना हात थरथरतो आहे, की एअर शाफ्ट बदलून ट्रॅव्हल कमी केला असेल. ट्रॅव्हल तसा बदलता येतो, खरं आहे. ऑफसेट येत नाही. त्यासाठी क्राउन, स्टीअरर आणि स्टॅन्शनचा अख्खा वरचा भाग बदलावा लागतो. कोड पैसे देण्याआधी टाकायचा. दोन मिनिटं लागतात.

पैसे पाठवण्याची पद्धत. पहिले २१४ मी खरेदी म्हणून पाठवले होते, ज्यात ग्राहकाला संरक्षण असतं. दुसऱ्या हप्त्याला तो म्हणाला, शुल्क बरंच कापलं जातं, 'मित्र-नातेवाईक' प्रकारात पाठव, ते शुल्क मी तुझ्या किमतीतून कमी करतो. आणि खरंच कमी केलं. ७५ डॉलर वाचवण्यासाठी मी ५,३१५ डॉलरचं संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकलं. या प्रकारात पैसे मागणारा कोणीही असो, व्यवहार तिथेच थांबवा. शुल्क तुम्ही भरा. क्रेडिट कार्ड असेल तर कार्डनेच द्या.

चौथा हप्ता १८५ डॉलर, पॅकिंग आणि विमा. विमा! खोकं निघाल्याचा क्रमांक आला, तो क्रमांक एका पत्राएवढ्या वजनाच्या पाकिटाचा निघाला. दुसऱ्या गावाला पोहोचलेलं, कुणीतरी सही करून घेतलेलं. मी लिहिलं, उत्तर आलं की कुरिअरचा गोंधळ आहे, दोन दिवस दे. मग चार दिवस. मग खातं नाहीसं झालं.

यानंतर जे सुरू झालं त्याचा राग मला त्या भामट्यापेक्षा जास्त आहे. तो चोर होता. बाकीचे नव्हते.

पैसे पाठवण्याच्या सेवेने अठ्ठेचाळीस तासांत तक्रार बंद केली. 'वैयक्तिक हस्तांतरणाला संरक्षण लागू नाही.' मी हँगरचा फोटो, कोडचा निकाल, पाकिटाचं वजन, सगळं जोडलं होतं. कुणी उघडलंही नसणार, कारण उत्तर शब्दशः तेच पुन्हा आलं. तिसऱ्यांदा लिहिलं तर म्हणाले, हे प्रकरण आधीच बंद आहे. ज्या खात्यात चार वेळा पैसे गेले ते खातं तरी गोठवा, म्हटलं. गोपनीयतेमुळे दुसऱ्या ग्राहकाबद्दल बोलता येत नाही. चोराची गोपनीयता!

बँकेने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, तुमच्याच फोनवरून, त्यामुळे ही फसवणूक 'आमच्या व्याख्येत' बसत नाही. एकोणचाळीस मिनिटं फोनवर थांबून हे वाक्य ऐकलं. मग एका बाईंनी हळू आवाजात सांगितलं, पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर समोरच्या बँकेला विनंती पाठवता आली असती. पहिल्या दिवशी मला कळलंच नव्हतं. पण तुम्हाला कळेल त्या क्षणी, रात्र असो, फोन करा. तो काय उत्तर देतो याची वाट बघू नका. ते दोन-चार दिवस तो त्यासाठीच मागतो.

पोलीस ठाण्यात मी छापील यादी घेऊन गेले. अंमलदाराने ती पाहिली आणि विचारलं, 'सायकलला एवढे पैसे?' मग शेजारच्याला दाखवली. मग मला म्हणाले, हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी आहे, वकील बघा. मी म्हटलं, त्याने दुसऱ्याच सायकलीचे फोटो दाखवून पैसे घेतले, हा वाद कसा? तर म्हणे फोटो दुसऱ्याच सायकलीचे आहेत हे तुम्ही कसं सिद्ध करणार. मी हँगर समजावून सांगितला. एका टेबलापाशी उभी राहून, चित्र काढून, हँगर म्हणजे काय, यूडीएच म्हणजे काय, ऑफसेट का बदलत नाही. त्यांनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं. सायबर विभागाकडे जा. सायबर विभाग म्हणाला, आधी स्थानिक ठाण्याची नोंद आणा. चार फेऱ्या. शेवटी नोंद झाली, त्यात लिहिलंय 'सायकल हरवल्याबाबत'. माझी सायकल हरवली नाही. ती कधी नव्हतीच. मी दुरुस्ती मागितली, तर म्हणाले, क्रमांक मिळाला ना, मग झालं.

एक काम झालं ते फ्रेम बनवणाऱ्या कंपनीकडून. बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक एका फोटोत अर्धवट दिसत होता. मी तो पाठवला. त्यांनी मालकाचं नाव दिलं नाही, द्यायलाही नको होतं, पण त्या माणसाला स्वतः कळवलं. त्याने मला लिहिलं. ती सायकल त्याच्या घरी आहे, विकायला कधी काढलीच नव्हती, फोटो त्याने मागच्या वर्षी हौसेने टाकले होते. त्याच्या सायकलीवर जुना एएक्सएस आहे, हँगरवर. त्याचं हे पत्र मी पोलिसांना नेऊन दिलं. अजून फाइलला लागलेलं नाही.

विकणाऱ्याकडे ताजा फोटो मागा, कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून फ्रेमवर ठेवलेला. मग व्हिडिओ, ज्यात कॅमेरा न थांबता फ्रेमच्या क्रमांकावरून फोर्कच्या कोडवर आणि तिथून मागच्या अॅक्सलवर जातो. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. मी मागितलं नाही, कारण मागणं अपमानास्पद वाटेल असं मला वाटलं.

गेल्या गुरुवारी नवी जाहिरात दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, मजकुराची धाटणी तीच: 'आधी छोटं काही घे, माल बघ.' फोटोत करडी रबरी चटई, उजव्या चेनस्टेवर (चेनलगतच्या नळीवर) बोटभर ओरखडा, सोनेरी पाय, आणि खाली लिहिलंय ट्रान्समिशन. डिरेलर हँगरवर आहे. मी जाहिरात कळवली, उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. ती अजून तिथेच आहे. ही चटई, हा ओरखडा तुमच्यासमोर आला तर पैसे पाठवू नका, आणि तुमच्याकडून आधीच गेले असतील तर मला कळवा. पोलिसांकडे एकापेक्षा जास्त जणांची तक्रार गेली तर 'दिवाणी वाद' म्हणायला त्यांना जड जाईल.