गोचिडांवर फवारा की पाठीवरची धार?

गोचीड मारायलाच हवी, यात वाद नाही. ॲनाप्लाझ्मा हा गोचिडातून येणारा जंतू रक्तात शिरला की काय होतं, ते आमच्या एका गाभण गाईनं दाखवलं. लघवी लाल नव्हती म्हणून मी गाफील राहिलो. पापण्या पांढऱ्याफटक पडून पुढे पिवळसर झाल्या तेव्हा धावाधाव. तांबड्या पेशी या आजारात प्लीहेत मोडतात, लाल लघवी हे बबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूचं लक्षण. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकानं गाय वाचली, पण बरं झालेलं जनावरही जंतू बाळगून असतं, आणि नर गोचीड एकीवरून दुसरीवर सरकत तो पोचवतो. म्हणजे सगळा गोठा एकाच दिवशी उरकलेला बरा.

अमिट्राझ या गोचीडनाशकाच्या फवाऱ्यानं गुण येतो, हे मान्य. पण कातडीपर्यंत भिजवायचं, त्यात कानाच्या आत, शेपटीखाली, जांघेत. नेमकी तिथेच गोचीड आणि तिथेच गाय हात लावू देत नाही. सुटलेली एक मादी खाली पडली की दोन-तीन हजार अंडी. तरी एवढं मी सोसलं असतं. सोसवला नाही तो पंपाचा आवाज. फुसफुस ऐकली की गाई दाव्याला हिसके देत, आणि संध्याकाळच्या धारेला हटकून पान्हा चोरत. एक तर मला पाहूनच चोरायला लागली. मोजमाप केलं नाही, बादली सांगायची.

पाठीवरच्या धारेचं औषध म्हणजे फ्लुमेथ्रिन. ते मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावर ओतायचं, 10 किलो वजनाला 1 मिली. वजनाचा अंदाज कमी धरू नका, अपुऱ्या मात्रेनं गोचीड निर्ढावते. गव्हाणीत तोंड घातलेलं असतानाच काम होतं, जनावराला पत्ताही लागत नाही. माझं मन इकडेच.

अर्थात, एकच औषध वर्षानुवर्षं चालवलं तर ते बोथट होतं. तसं जाणवलं तर काही काळ अमिट्राझकडे वळावंच लागेल. शिवाय पाठीवरची धार भिंतीच्या भेगांतल्या पिल्लांपर्यंत पोचत नाही. तिथे पंप मीही वापरतो, गाई चरायला गेल्यावर. दुभत्या जनावराचं दूध किती दिवस टाळायचं, ते मात्र बाटलीवर वाचूनच घ्या.

आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या औषधाच्या सुईचा विचार दुभत्यांसाठी मी केलाच नाही. त्यातून एकच सुई सगळ्यांना टोचली तर ॲनाप्लाझ्मा पसरवायला गोचीडही लागत नाही.