गावच्या मुलांसाठी वेळ द्यायचाय: सुट्टीत जाऊन की मुंबईतूनच?

आपला पेशा कोकणातल्या एखाद्या बालगृहाच्या किंवा वसतिगृहाच्या उपयोगी पडावा, असं वाटणारे चाकरमानी पुष्कळ आहेत. काहीजण गावी आले की मुलांना काहीतरी शिकवतात, काहीजण मुंबईत राहूनच संस्थेचं एखादं काम महिन्याच्या महिन्याला करतात. मी दोन्ही केलंय.

जाऊन शिकवण्यात समाधान मोठं. पण आपण येतो मे महिन्यात आणि गणपतीत, आणि नेमकी तेव्हाच वसतिगृहातली मुलंही आपापल्या वाडीवर गेलेली असतात. मागे उरतात ती बालगृहातली, ज्यांना जायला घर नसतं. त्यांच्यासोबत सलग आठ-दहा दिवस राहता येत असेल, आणि पुढच्या वर्षीही येणार असाल, तर जरूर जा. एका दुपारचं मार्गदर्शन शिबिर मात्र नको. माणसं येतात, लळा लावतात आणि परत दिसत नाहीत, हे या मुलांनी आधीच फार सोसलंय.

मुंबईतून करायचं काम कोणाला दिसत नाही, पण संस्था त्यावरच उभी असते. लहान संस्थेत अधीक्षकच बाजार करतात, आजारी मुलाला दवाखान्यात नेतात आणि रात्री पावत्या लावत बसतात. ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावं लागू लागलं, आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढे बँकेतली सहीसुद्धा अडते. हिशेब किंवा कायदा जाणणाऱ्याने महिन्यातून चार तास दिले, तर अधीक्षकांची संध्याकाळ मुलांना मिळते. म्हणून हिशेबनीस, वकील, संगणकवाले यांना मी मुंबईतूनच काम करायची वाट सुचवेन.

दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांना प्रत्यक्ष यावंच लागेल. पण येताना तिथल्या काळजीवाहक ताईंना रोजचे व्यायाम हातात धरून शिकवा. तुम्ही परतीची गाडी पकडल्यावर ते करून घेणाऱ्या त्याच असतात.

वेबसाइट किंवा फोटोचं काम घेणाऱ्यांनी बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ आधी वाचावं. काळजी आणि संरक्षणाखालच्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेहरे नकोत. मुलांनी काढलेली चित्रं, परसातला भाजीचा वाफा यांचे फोटो चालतील.

दिलेल्या वेळेवर करसवलत नाही, ती पैशाच्या देणगीलाच.

पहिला फोन कराल तेव्हा आपल्याला काय येतं हे सांगण्याआधी, रात्री उशिरापर्यंत कोणतं काम पुरतं, हे अधीक्षकांना विचारा. आणि पावत्यांचे फोटो पाऊस लागायच्या आत मागवून ठेवा. जुलैत लाइट आणि नेट दोन्ही चार-चार दिवस नसतं.