मॉर्गेज ब्रोकरचा रिव्ह्यू (सेंट्रल जर्सी): चार स्टार, आणि डाऊन पेमेंटचा आमचा खरा हिशोब

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या घराचं क्लोजिंग झालं, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर आलं, आणि तेव्हापासून जो भेटतो तो अभिनंदन एका वाक्यात उरकतो आणि दुसऱ्या वाक्यात विचारतो, किती टाकलंत, वीस टक्के का? दिवाळीच्या फराळाला तर चकली तोंडात असताना पण तेच. म्हणून ज्या ब्रोकरकडून लोन केलं त्याचा रिव्ह्यू लिहितेय आणि आकडे पण इथेच टाकतेय, म्हणजे प्रत्येकाला फोनवर परत परत सांगायला नको. ब्रोकरचं नाव इथे टाकत नाही, जाहिरात वाटते मग. हवं असेल त्यांनी मला विचारा.

आधी आमची परिस्थिती. नवरा एच-१बी वर, मी एच-४ ईएडी वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचं वर्क परमिट), क्रेडिट स्कोअर ७६० च्या आसपास, भाडं महिना २,६५० डॉलर. घर म्हणजे टाऊनहाऊस, किंमत ५ लाख २० हजार डॉलर. डोक्यात एकच आकडा बसलेला, वीस टक्के, म्हणजे १ लाख ४ हजार, आणि आमच्याकडे होते सगळे मिळून ७४ हजार. तीन वर्षं आम्ही त्या वीस टक्क्यांच्या नावाने घर पुढे ढकलत होतो.

ब्रोकरकडे जायच्या आधी एका ऑनलाइन लेंडरने आम्हाला व्यवस्थित मामा बनवलं ते सांगते, कारण त्याशिवाय चार स्टार कशाचे ते कळणार नाही. त्यांची जाहिरात होती साडेतीन टक्क्यात घर. अर्ज भरला, वीस मिनिटांत प्री-अप्रूव्हलचं (लोन मिळेल अशा प्राथमिक होकाराचं) लेटर आलं, आम्ही खूश. एफएचए लोन (सरकारी विमा असलेलं), ५८० किंवा वर स्कोअर असला की ३.५ टक्के पुरतात (५०० ते ५७९ असेल तर १० टक्के), आमच्या किमतीवर १८,२०० डॉलर फक्त. जूनमध्ये एका घरावर ऑफर लागली, ॲटर्नी रिव्ह्यू झाला, इन्स्पेक्शन झालं, अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन) झालं, आणि मग अंडररायटरचा, म्हणजे कागद तपासून लोन मंजूर करणाऱ्याचा ईमेल, ग्रीन कार्डची कॉपी पाठवा. अहो ग्रीन कार्ड असतं तर काय हवं होतं! तर भानगड अशी की २५ मे २०२५ पासून एफएचए लोन फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतं, वर्क व्हिसावाल्यांना बंद. आधी मिळायचं, म्हणून इंटरनेटवर जुन्या लेखांत अजून तेच लिहिलेलं सापडतं आणि मित्रमंडळी पण "आम्हाला मिळालं होतं की" म्हणतात. लेंडरच्या माणसाने व्हिसाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. कन्व्हेन्शनलवर (सरकारी विमा नसलेलं साधं लोन) फिरवा म्हटलं तर पहिल्यापासून परत तीन आठवडे, तोपर्यंत सेलर थांबला नाही. डिपॉझिट परत मिळालं कारण आमच्या ॲटर्नीने काँट्रॅक्टमध्ये मॉर्गेज मिळालं नाही तर सुटका असं कलम ठेवलं होतं, पण इन्स्पेक्शन आणि अप्रेझलचे मिळून साडेबाराशे डॉलर गेले ते गेलेच.

त्यानंतर ऑफिसमधल्या एका ताईंनी या ब्रोकरचा नंबर दिला. आयसलिनला ओक ट्री रोडवर, वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस, खाली मिठाईचा वास. गुजराती गृहस्थ आहेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. पहिला प्रश्न, स्टेटस काय? दुसरा, आय-७९७ (व्हिसा स्टेटसच्या मंजुरीचा कागद) कधी संपतोय? घराबद्दल तर पंधरा मिनिटांनी विचारलं. मला तिथेच बरं वाटलं.

मग त्यांनी एका कागदावर पेनाने चार रकाने आखले. तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे.

पहिला रकाना ३ टक्के, १५,६०० डॉलर. कन्व्हेन्शनल लोनमध्येच हे मिळतं, दोघांपैकी एक जण तरी पहिल्यांदा घर घेणारा पाहिजे, आणि पहिल्यांदा म्हणजे गेल्या तीन वर्षांत स्वतःच्या नावावर घर नसलेला. होमरेडी आणि होम पॉसिबल नावाचे दोन प्रकार आहेत त्यात पण ३ टक्के, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा आहे, त्या एरियातल्या मीडियन, म्हणजे मधल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत, दोन आयटी पगारवाल्यांना विसरा. दुसरा रकाना ५ टक्के, २६ हजार. तिसरा १० टक्के, ५२ हजार. चौथा वीस. आणि प्रत्येकाखाली महिन्याचा हप्ता आणि पीएमआय. पीएमआय म्हणजे वीस टक्क्यांपेक्षा कमी टाकलं की लेंडर स्वतःसाठी जो इन्शुरन्स काढतो आणि पैसे तुमच्याकडून घेतो तो. आमच्या स्कोअरला ५ टक्क्यांवर १८५ डॉलर महिना येत होता, १० टक्क्यांवर ११८, वीसवर शून्य.

इथे भाई जे म्हणाले ते मला तीन वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं. वीस टक्के हा नियम नाहीये, वीस टक्के म्हणजे फक्त पीएमआय न भरण्याची किंमत. मग मी तिथेच फोनवर हिशोब केला. १० टक्के टाकले तर ४ लाख ६८ हजारांचं लोन, ६.३७५ टक्क्याने तीस वर्षं, मुद्दल-व्याज मिळून महिना २,९२० च्या आसपास. पीएमआय कायमचा नसतो, बाकी मुद्दल मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की आपण लेखी मागणी करून काढायला लावायचा, आणि हप्ते वेळेवर असतील तर वेळापत्रकाप्रमाणे ७८ ला त्यांनी आपोआप काढायचा, १९९८ चा फेडरल कायदाच आहे तसा. आमच्या हप्त्यांनी ८० वर यायला पावणेआठ वर्षं लागतील, म्हणजे पीएमआयचे साधारण ११ हजार. उलट बाजूला, वीस टक्के अधिक क्लोजिंगचा खर्च जमवायला महिन्याला दोन हजार वाचवूनही दोन वर्षं गेली असती, आणि दोन वर्षांचं भाडं ६३ हजारांच्या वर. घराचे भाव आणि रेट कुठे गेले असते ते वेगळंच. नवरा म्हणाला पाचच टाकू, हाताशी पैसे राहतील. पण ५ आणि १० मध्ये महिन्याला पीएमआय धरून २२९ चा फरक पडत होता, ते मला झेपण्यासारखं वाटेना कारण वर प्रॉपर्टी टॅक्स आणि असोसिएशनची फी आहेच, आणि जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स म्हणजे काय ते जर्सीवाल्यांना सांगायला नको. शेवटी दहा.

ग्रीन कार्ड आलेल्यांसाठी पण भाईंचं एक वाक्य लिहून ठेवते. एफएचएचे साडेतीन टक्के स्वस्त दिसतात पण आत इन्शुरन्सचे १.७५ टक्के आधीच लोनमध्ये मिळवतात, आमच्या किमतीवर ते ८,७८१ डॉलर झाले असते, वर दरवर्षी ०.५५ टक्के म्हणजे महिना २३० च्या आसपास, आणि १० टक्क्यांपेक्षा कमी टाकलं असेल तर हा इन्शुरन्स लोन संपेपर्यंत जात नाही, रिफायनान्स केलं तरच सुटका. दहा किंवा जास्त टाकलं तर ११ वर्षांनी जातो. स्कोअर कमी असेल तर तरी एफएचएच बरं पडतं, स्कोअर चांगला असेल तर कशाला जायचं तिकडे.

शून्य डाऊन पेमेंटचे पण दोन प्रकार आहेत. व्हीए, म्हणजे सैन्यात असलेल्यांना किंवा निवृत्त झालेल्यांना, त्यात पीएमआय पण नाही, फक्त एकदा फंडिंग फी, पहिल्या वेळी शून्य टाकलं तर २.१५ टक्के, ती लोनमध्ये घालता येते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा मुलगा नेव्हीत आहे आणि तो पठ्ठ्या दहा टक्के साठवत बसला होता, कोणी सांगितलंच नव्हतं त्याला! दुसरा यूएसडीए, गावाकडच्या भागासाठी, उत्पन्नाची मर्यादा असते, नकाशावर पत्ता टाकून बघावा लागतो. एडिसनमध्ये बसून तो नकाशा उघडू नका, वेळ जाईल.

आणि मोठं घर बघणाऱ्यांसाठी एक गंमत. ठरावीक रकमेच्या वर लोन गेलं की ते जंबो, आणि जंबोला लेंडर साधारण १० ते २० टक्के मागतात, कागदपत्रं पण जास्त. ती मर्यादा काउंटीवर असते. २०२५ ला मिडलसेक्स काउंटीत १२,०९,७५० डॉलर आणि मर्सरमध्ये ८,०६,५००. आता प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये आणि लागून असलेलं वेस्ट विंडसर मर्सरमध्ये, दोन्हीकडे आपलीच माणसं, म्हणजे नऊ लाखांचं लोन इकडे साधं आणि पलीकडे जंबो. माझी मैत्रीण शाळेसाठी वेस्ट विंडसर बघत होती, तिला हे ऑफर लावल्यावर कळलं.

आता गिफ्टचं प्रकरण. दहा टक्के टाकून हातात फार काही उरत नव्हतं म्हणून सांगलीहून बाबा म्हणाले मी थोडे पाठवतो. कन्व्हेन्शनलमध्ये आईवडिलांकडून गिफ्ट चालतं, पण गिफ्ट लेटर लागतं की हे परत द्यायचे नाहीत. बाबांना ते सही करायला पाठवलं तर बाबा चिडलेच, "बापाने लेकीला पैसे दिले, त्यात परतफेड कुठून आली? असं लिहून घेतात होय तिकडे?" दुसरं म्हणजे बाबांची एफडी सहकारी बँकेत, ती मोडून पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेत आणले आणि तिथून डॉलर पाठवले, त्यामुळे अंडररायटरला दोन्ही बँकांचे कागद हवे, आणि सहकारी बँकेचं पासबुक पहिल्या पानापासून मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडावं लागलं. पाठवले नऊ लाखांच्या आत, दहा हजार डॉलरच्या आसपास झाले. मुद्दाम दहा लाखांच्या खाली ठेवले कारण त्या वर एका आर्थिक वर्षात गेलं की वरच्या रकमेवर भारतात २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतात (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख आहे, आधी ७ होती). तो रिटर्नमध्ये परत मिळतो पण बाबांना कशाला त्या फेऱ्यात टाकायचं.

त्याहून मजा भिशीची. दहा घरं, महिना हजार, नेमकी जुलैत आमची लागली आणि खात्यात दहा हजार आले. शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट बघतात, त्यात एवढी रक्कम दिसली की विचारणा. भाईंनी कपाळाला हात लावला. भिशी म्हणजे काय ते पत्र लिहून दिलं तर प्रत्येक महिन्याचा पुरावा मागितला, आता निम्मे लोक झेलने (बँकेच्या ॲपवरून) देतात आणि निम्मे जेवायला आल्यावर रोख, कुठला पुरावा? शेवटी ते दहा हजार हिशोबातून बाहेर काढले. घर बघायला लागायच्या दोन-तीन महिने आधी खात्यात काही हलवाहलव करू नका एवढं ऐका.

डाऊन पेमेंट ५२ हजार, पण प्रत्यक्षात आमच्या खिशातून गेले ६९,३००. टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीहक्काचा विमा), ॲटर्नी, लेंडरची फी, वर्षाचा घराचा इन्शुरन्स आगाऊ, प्रॉपर्टी टॅक्ससाठी एस्क्रोमध्ये (लेंडर राखून ठेवतो त्या खात्यात) काही महिन्यांचे पैसे. एजंटचं कमिशन आमच्या केसमध्ये सेलरने दिलं, पण ऑगस्ट २०२४ पासून ते गृहीत धरता येत नाही, एजंटशी आधी लेखी करार होतो त्यात बघा. भाईंनी पहिल्याच दिवशी "६८ ते ७०" सांगितलं होतं आणि त्यातच बसलं, याचा एक पूर्ण स्टार. लोन एस्टिमेट (रेट आणि खर्चाचा लेखी अंदाज) तीन दिवसांत हातात दिलं आणि स्वतःच म्हणाले क्रेडिट युनियनचं पण आणा, शेजारी ठेवू. आणलं. दुसऱ्या पानावरच्या लेंडरच्या फीमध्ये भाईंचं चारशेनी जास्त होतं पण रेट पाव टक्क्याने कमी. त्यांचं कमिशन लेंडर देतो, म्हणजे ते रेटमध्ये कुठेतरी असतंच, फुकट कोणी करत नाही, पण लपवलं नाही.

तक्रारी पण आहेत. तीच पे-स्टब तीनदा मागितली. व्हॉट्सॲपला उत्तर रात्री अकराला. आणि रेट लॉक (तेवढे दिवस रेट बदलत नाही) ३० दिवसांचा घेतला, मी ४५ चा घ्या म्हणत होते, "हो जाएगा बेन" म्हणाले आणि नाही झालं, पासबुकाच्या भाषांतरातच आठवडा गेला. लॉक वाढवायची फी ५८० डॉलर, भांडल्यावर निम्मी त्यांनी भरली. कापलेला स्टार त्याचा.

ऑफिस शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं, अपॉइंटमेंट घेऊन जा. गाडी मागच्या लॉटमध्ये लावा, पुढे मिठाईवाल्याच्या दारात लावली तर टो करतात, आमची केली होती.