खोक्यावरचा महिना वेगळा, बाटलीवरचा वेगळा

प्रिंटरची शाई फार स्वस्तात घ्यायला गेलो आणि फसलो, असं सांगणारे बरेच भेटतात. माझी गोष्ट जरा निराळी आहे. मला कोणी फार स्वस्तात काही दिलंच नव्हतं. छापील किमतीपेक्षा पन्नास-साठ रुपये कमी, बस्स. एवढी सूट तर वह्या-पुस्तकांवरही मिळते. निम्म्या किमतीत ‘ओरिजनल’ देतो म्हणणाऱ्याला आपण दारातूनच परत पाठवतो. एमआरपीच्या जवळपास भाव लावणाऱ्यावर मात्र संशय येत नाही, आणि नकली माल विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक झालंय.

साने गुरुजी वसाहतीत मी घरीच आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. सराव प्रश्नपत्रिका, आकृत्या, अधूनमधून रंगीत तक्ते, असं बरंच छापावं लागतं. आधी कार्ट्रिजवाला प्रिंटर होता. त्याची काळी आणि रंगीत अशी जोडी घ्यायची म्हटलं की पोटात गोळा यायचा, म्हणून इंक टँकचा घेतला. बाटली टाकीत ओतायची की महिनोन् महिने बघायला नको. शाई राजारामपुरीतल्या एका दुकानातून आणायची. दुकानाचं नाव लिहीत नाही. असं करणारं ते एकटंच असेल असंही मला वाटत नाही.

दुकानदार बोलायला गोड. रिकाम्या बाटल्या परत घ्यायचा. “मॅडम, बाटली टाकू नका हं, खोक्यासकट आणा. पुढच्या बिलात वीस रुपये कमी करतो.” प्लास्टिक कचऱ्यात जाण्यापेक्षा बरं, म्हणून मीही पिशवीत भरून न्यायची. खोकं चुरगळलेलं असलं की तो वीस रुपये द्यायचा नाही. भंगारातल्या खोक्याला एवढं काय सोनं लागलंय, असं मनात यायचं, पण विचारलं कधी नाही.

दहावीच्या पूर्वपरीक्षा तोंडावर होत्या, तेव्हा चारही रंग एकदम आणले. खोकी चकाचक, झाकणाखाली चंदेरी सील शाबूत. टाक्या भरल्या. थोडे दिवस सगळं ठीक चाललं. मग निळा फिका पडायला लागला. हृदयाच्या आकृतीत अशुद्ध रक्त निळं दाखवायचं असतं, ते राखाडी यायला लागलं. नंतर काळ्या अक्षरांत आडव्या पांढऱ्या रेघा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नोझलचा, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा, चेक असतो, तो छापला तर जिन्यासारख्या दिसणाऱ्या रेघांमधल्या निम्म्या पायऱ्याच गायब.

अशा वेळी सगळे सांगतात, हेड क्लीनिंग कर. केलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हेड म्हणजे ही छिद्रं असलेला प्रिंटरचा भाग. हेड क्लीनिंग म्हणजे यंत्र तीच शाई जोरानं नोझलमधून खेचून बाहेर टाकतं. शाईच खराब असेल तर साफ व्हायचं राहतं बाजूला, उलट तोच गाळ पुन्हा पुन्हा त्या छिद्रांतून जातो. वर ती फुकट गेलेली शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजात, म्हणजे वेस्ट इंक पॅडमध्ये, जिरते. तो स्पंज भरत आला की बरेच प्रिंटर लाल दिवे लावून संपावर जातात. म्हणजे एका दुखण्यातून दुसरं.

शाहूपुरीतल्या मेकॅनिकदादांना बोलावलं. वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. त्यांनी झाकण उघडलं, टाकीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “शाई कुठनं आणली?” मी अभिमानानं खोकी पुढे केली. त्यांनी खोकं आणि बाटली शेजारी शेजारी धरली. खोक्यावर छापलेला महिना एक, बाटलीवरचा दुसराच. दोन वेगळ्या रंगांच्या बाटल्यांवर बॅच नंबर मात्र तोच. खोक्याच्या तळाची पट्टी त्यांनी नखानं उचलली, तर खाली जुन्या डिंकाचा पिवळट थर आणि त्यावर नवा पारदर्शक गोंद. “खोकं वरिजनलच हाय मॅडम. बाटलीबी वरिजनल हाय. आतलं तेवढं बघा आता.”

वीस रुपयांचं कोडं तिथेच सुटलं. झाकणाखालचं सील चिकटवायची यंत्रं बाजारात सहज मिळतात. बाटली खरी, लेबल खरं, आणि ती गोळा करून देणारे आमच्यासारखेच लोक. न चुरगळलेल्या खोक्यालाच पैसे का, तेही कळलं.

शिकवणी विज्ञानाची असल्यामुळे एक प्रयोग केल्याशिवाय राहवेना. आधीच्या खेपेची एक काळी बाटली घरात राहिली होती, तिच्या तळाला थोडी शाई होती. गाळणकागदाच्या दोन पट्ट्यांवर ही जुनी आणि नवी काळी शाई असा एकेक ठिपका दिला आणि टोकं पाण्यात बुडवून उभ्या केल्या. मुलं भोवती जमली. पाणी वर चढलं तशी एका पट्टीवर काळ्याची कड जांभळट झाली, दुसरीवर हिरवी-तपकिरी पसरली. यावरून खरी कुठली ते ठरत नाही, हे मुलांनाही सांगितलं. पण एकाच कंपनीची, एकाच नंबरची शाई म्हणून विकलेल्या या दोन शाया एक नाहीत, एवढं डोळ्यांनी दिसलं.

दुसरी शाई घातली तर बिघडतं काय, असं विचारणारेही भेटतात. प्रिंटरची नोझल केसाहून बारीक असतात. एप्सनच्या यंत्रांत विजेनं वाकणारा स्फटिक शाईचा थेंब ढकलतो, तर कॅनन आणि एचपीच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरानं थेंब बाहेर फेकतात. एकीकडे शाई तापतच नाही, दुसरीकडे तापायलाच हवी. म्हणून ‘सर्व प्रिंटरांसाठी युनिव्हर्सल’ लिहिलेल्या बाटलीपासून मी चार हात लांब राहते. शिवाय काही मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे तरंगणाऱ्या बारीक कणांची असते आणि रंगीत शाई डायची, म्हणजे पूर्ण विरघळलेली. डायसाठी बनवलेल्या हेडमध्ये हलक्या प्रतीच्या पिगमेंटची शाई गेली की कण बसतात आणि छिद्रं बुजतात. नोझल सुकू नये म्हणून शाईत ग्लिसरीनसारखे ओलावा धरणारे पदार्थ घालतात. नकली करणारा खर्च वाचवतो तो इथेच.

आणि अजून एक. बऱ्याच कार्ट्रिजवाल्या प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यामुळे वाईट शाईनं फार तर कार्ट्रिज जातं. आमच्या टँकवाल्यात हेड यंत्रातच बसवलेलं. ते बदलायचा खर्च मेकॅनिकनं सांगितला आणि वर म्हणाले, “त्यापेक्षा नवा प्रिंटर बघा.”

दुकानात गेले तेव्हा गोडवा पार आटला होता. “माल वरनंच तसा येतोय मॅडम, आम्ही काय घरात शाई बनवतोय व्हय?” बिल म्हणून त्यानं दिलेली चिठ्ठी होती, ‘इंक ४ नग’ आणि खाली आकडा. ना शिक्का, ना जीएसटी नंबर. घेताना पक्कं बिल मागितलं होतं, तर “वर टॅक्स पडेल” म्हणाला होता. हे चक्क खोटं आहे. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून असलेली कमाल किंमत. तिच्यावर वेगळा कर लावताच येत नाही. यूपीआयनं पैसे गेले होते तेही दुकानाच्या नावावर नाही, कोणा तिसऱ्याच माणसाच्या.

तरी तो यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोकं-बाटलीचे फोटो आणि चिठ्ठी एवढ्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर दाखवल्यावर दुकानदारानं शाईचे पैसे मुकाट परत केले. हेडच्या नुकसानीचं नाव काढलं की मात्र तो फोन ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, म्हणून कागद जपून ठेवलेत.

आता खोकं दुकानातच उघडून बाटली पाहते. खोक्यावर आयातदाराचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असायलाच हवा, तसा नियमच आहे. पण नुसतं ते असून भागत नाही, कारण खोकं खरं असू शकतं. खोक्यावरची माहिती बाटलीशी जुळवायची. पक्क्या बिलावर बॅच नंबर लिहून मागायचा. खरा विक्रेता कुरकुरतो, पण लिहून देतो.

दुसऱ्या कंपनीची शाई वापरूच नये असं माझं म्हणणं नाही. जुन्या कार्ट्रिजच्या प्रिंटरात मी आजही एका स्थानिक विक्रेत्याकडची कॉम्पॅटिबल शाई भरते. तो तोंडावर सांगतो, “ही कंपनीची नाही, रंग थोडा उडेल.” प्रश्नपत्रिकांना तेवढं चालतं, आणि बिघडलंच तर कार्ट्रिज जाईल. नुसतं काळंच छापायचं असेल तर लेझर परवडतो, नवा प्रिंटर घेताना मी तोच घेतला.

रिकाम्या बाटल्यांचं विचाराल तर आता लेबलवर पक्क्या मार्करनं काट मारते, तळाला भोक पाडते आणि खोकं फाडूनच भंगारवाल्याला देते. मागच्या आठवड्यात तोही कुरकुरला. “फाडलं कशाला वहिनी? अख्ख्या खोक्याला गिऱ्हाईक हाय की.” कोण गिऱ्हाईक, विचारलं तर हातगाडी पुढे ढकलली त्यानं.