लोकर कातरायचं मशीन: आठ महिने, दोन कातरण्या

आटपाडी तालुक्यात आमची 22 मेंढरं आहेत, सगळी दख्खनी, बहुतेक काळी. गेल्या दिवाळीआधी विजेवरचं कातरायचं मशीन सात हजारांना घेतलं. दिवाळीनंतर एक आणि होळीच्या सुमारास एक कातरणी त्यावर झाली.

घेतलं कारण हातानं कातरणारी जाणती माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तर मजुरी लोकरीच्या पैशापेक्षा जास्त होते. कातरल्याशिवाय तर सुटका नाही. पावसात लोकर भिजून जड होते, आत गोचीड दडतात.

पहिल्या दिवशी मशीननं रडवलं. मेंढरं ओढ्यात धुतली होती, म्हणजे पाठीवर पाणी ओतलं होतं एवढंच. मानेखाली, पोटाखाली माती आणि कुसळं तशीच. तिसऱ्या मेंढीला पातं लोकर कापायचं सोडून चावायला लागलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "मोटर फिरतीय ना, मग झालं." पण निम्मी चूक माझी. वरचं पातं खालच्या कंगव्यावर दाबून धरणारी कळ ढिली राहिली की ते चावतं, जास्त आवळली की तापतं. आता दर मेंढीमागं तेलाचे चार थेंब सोडतो आणि कंगव्याला हात लावून बघतो. चटका बसला की चहा.

होळीच्या वेळी आधी कुसळं, गोखरू हातानं वेचले, नीट धुतलं, दोन दिवस कोरड्या खडकाळ माळावर बसवलं. ओल्या लोकरीत मशीन घालूच नका. आदल्या रात्री वैरण बंद, कारण पोट भरलेली मेंढी आडवी पाडली की धापा टाकते. कातरीनं एका मेंढीला पंचवीस मिनिटं लागायची, आता दहा. जांघेतली कातडी डाव्या हातानं ताणून धरा. पहिल्या वेळी दोघींना कापलं होतं, हळद भरावी लागली.

पहिल्या कातरणीची लोकर सगळी मिळून सहा किलोच्या आसपास निघाली होती. घोंगडी विणणाऱ्या सणगर मामांकडं नेली. त्यांनी मूठभर ओढून बघितली आणि म्हणाले, "निम्मी आखूड हाय. सूत टिकायचं न्हाई." मी राहिलेल्या जागेवरनं मशीन परत परत फिरवत होतो, त्यानं लोकरीचे बारीक तुकडे पडले होते. ते चांगल्या लोकरीत मिसळले की पिंजताना गाठी होतात. हे विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते मशीनचा सगळ्यात मोठा धोका हाच. आता कातडीला लागून एकदाच फिरवतो, राहिलं ते राहिलं. मेंढी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, शेजारी हसतात. काळी-पांढरी वेगळी, पोटापायाची वेगळी, आणि भरायची सुती पोत्यात. प्लास्टिकच्या गोणीचे धागे लोकरीत अडकले की निघता निघत नाहीत.

दहा-बारा मेंढरं असतील तर हातकातरच बरी. जतकडची माडग्याळ मेंढी लोकरीसाठी कुणी पाळत नाही, तिच्यासाठी एवढा खर्च नको. वीस-पंचवीसच्या वर असतील तर घ्या, पण जादा कंगवा आणि पातं त्याच दिवशी घ्या. माझा कंगवा होळीला बोथट झाला आणि नवा यायला पाच आठवडे लागले. उरलेली सात मेंढरं कातरीनंच उरकली.

कोकरांचं जावळ आई अजून मांडीवर घेऊन कातरीनंच काढते. मशीन सुरू झालं की ती उठून आत जाते.